समान, सम आणि शाहू महाराजांची पागा

आजचं वाचन गीता, अध्याय ५, श्लोक १८. आधी श्लोक एकदा मोठ्यानं म्हणून घ्या, मग खाली या.

अर्थ तसा साधा आहे. विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि त्या काळी सगळ्यांत खालचा मानलेला श्वपाक, ह्या पाचही ठिकाणी ज्ञानी माणसं सारखंच पाहतात. शेवटचा शब्द ‘समदर्शी’. आजचं चिंतन ह्या ‘सम’ एवढ्या दोन अक्षरांवर.

होतं काय, आपल्यापैकी बरेच जण गीता मोबाईलवर वाचतात आणि संस्कृत अडलं की बोट आपोआप इंग्रजी भाषांतराकडे जातं. त्यात वाईट काही नाही. पण तिथे ‘सम’चं ‘ईक्वल’ होतं, आणि ‘ईक्वल’चं आपल्या डोक्यात लगेच ‘इक्वॅलिटी’ होतं. म्हणजे सगळ्यांना सारखं. तेवढाच वाटा, तोच नियम, तीच रांग. मग एक प्रश्न येतो. जून महिन्यात, अ‍ॅडमिशनच्या दिवसांत, तो मला हमखास कुणीतरी विचारतंच. गीता सगळ्यांकडे सारखं बघायला सांगते, तर मग कुणाला जास्त, कुणाला कमी, कुणाला वेगळी सवलत, हे गीतेच्या विरुद्ध नाही का?

प्रश्न प्रामाणिक असतो. कधी कधी त्यात दुखावलेपणही असतं. चांगले मार्क असूनही सीट हुकलेल्या मुलाचं असतं, तसंच सीट मिळाल्यावर वर्गात टोमणे ऐकणाऱ्या मुलीचंही असतं. म्हणून घाईनं उत्तर द्यायचं नाही. आधी शब्द नीट बघू.

इंग्रजीत इथे दोन शब्द आहेत, ‘इक्वॅलिटी’ आणि ‘इक्विटी’. दोन्ही लॅटिनमधल्या एकाच शब्दातून आलेले, ज्याचा अर्थ सपाट, समतल. सख्ख्या बहिणीच म्हणा. पण स्वभाव वेगळे. इक्वॅलिटीचं लक्ष मापावर असतं. हे आणि ते सारखं भरलं का, एवढंच ती बघते. इक्विटीचं लक्ष माणसावर असतं. ह्याला जे मिळालं ते ह्याच्या परिस्थितीत रास्त आहे का, हे ती विचारते.

तुमच्यातल्या एसआयपीवाल्यांना इक्विटी म्हटलं की शेअर बाजारच आठवणार, ठाऊक आहे मला. गंमत म्हणजे तो अर्थही ह्याच घरातला. जुन्या इंग्लंडमध्ये कायद्याचं कोर्ट फार कडक असायचं. जमीन गहाण ठेवली आणि पैसे फेडायची तारीख एका दिवसानं जरी चुकली तरी जमीन गेली. नियम सगळ्यांना एकच, तक्रारीला जागाच नाही. मग लोक राजाच्या चॅन्सेलरकडे दाद मागायचे. हळूहळू तिथे वेगळं कोर्ट उभं राहिलं, आणि ते ज्या तत्त्वावर निकाल द्यायचं त्याचं नाव इक्विटी. हे कोर्ट म्हणायचं, तारीख चुकली हे खरं, पण सावकाराला त्याचे पैसे मिळाले की जमीन ज्याची त्याला परत जाऊ द्या. कर्जदाराच्या ह्या हक्कालाच इक्विटी म्हणू लागले, आणि पुढे कर्ज वजा जाता मालकाचा जो हिस्सा उरतो त्यालाही. तुमच्या फंडाच्या नावात बसलेला शब्द मुळात तारीख चुकलेल्या गरीब कर्जदाराच्या कामाला आला होता.

आपल्याकडेही तो लवकर पोचला. मुंबई इलाख्याच्या १८२७ सालच्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये असं ठरवलं होतं की जिथे नेमका कायदा किंवा रूढी सापडत नसेल तिथे न्याय, इक्विटी आणि सद्सद्विवेकबुद्धी ह्यांना धरून निकाल द्यावा. म्हणजे न्याय हा शब्द लिहून झाल्यावरही इक्विटी वेगळी लिहायची गरज वाटली.

अ‍ॅरिस्टॉटलनं ह्यासाठी एक छान दाखला दिलाय. लेस्बोस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. लोखंडी पट्टी ताठ असते, वेड्यावाकड्या दगडावर ती बसतच नाही. शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते आणि खरं माप देते. कायदा लोखंडी पट्टीसारखा आणि इक्विटी शिशाच्या पट्टीसारखी, असा त्याचा रोख.

मराठीत मात्र आपली पंचाईत आहे. इक्वॅलिटीला संविधानाच्या उद्देशिकेत ‘समानता’ म्हटलंय, घोषणा देताना आपण ‘समता’ म्हणतो, आणि दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरून मोकळे होतो. इक्विटीला घरोघरी चालेल असा शब्दच नाही. काही जण ‘समन्याय’ लिहितात. बरा आहे, पण बोलताना कुणाच्या तोंडात येत नाही. मला विचाराल तर ‘समानता’ मापाला आणि ‘समता’ न्यायाला, अशी वाटणी फार आधी करायला हवी होती. आता उशीर झाला.

आणि ह्या बहिणींत तिसरी एक आहे, ‘इक्वॅनिमिटी’. तोच लॅटिन शब्द, पुढे ‘मन’ जोडलेलं. मनाचा समतोल. दुसऱ्या अध्यायातल्या ४८व्या श्लोकात योगाची व्याख्या करताना जे ‘समत्व’ येतं ते हे. यश आलं काय, अपयश आलं काय, मन ढळू द्यायचं नाही. म्हणजे इंग्रजीला ज्यासाठी तीन शब्द लागतात ते गीता एका ‘सम’वर भागवते. म्हणून प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायला लागतं, हा ‘सम’ कुठला?

आता पुन्हा पाचव्या अध्यायात या.

श्लोकातली यादी बघा. गाय, हत्ती, कुत्रा. ‘सम’ म्हणजे सारखा वाटा असता तर यादीत हत्ती आणि कुत्रा शेजारी शेजारी कशाला घातले असते? हत्तीला दिवसाला शे-दीडशे किलो चारा लागतो. कुत्र्यापुढे तेवढा चारा टाकला तर तो वास घेऊन निघून जाईल, आणि कुत्र्याची भाकरी हत्तीला दिली तर ती त्याच्या दातालाही लागायची नाही. दोघांना एकसारखं देणं म्हणजे दोघांनाही उपाशी ठेवणं. श्लोकातलं क्रियापद पाहण्याचं आहे, देण्याचं नाही. पाहताना फरक करायचा नाही. देताना मात्र समोर कोण आहे, काय खातो, किती भुकेला आहे, हे पाहिल्याशिवाय भागत नाही.

मग सम पाहून उपयोग काय, असं कुणी म्हणेल. उपयोग हा, की कुत्र्याची भूक हत्तीच्या भुकेइतकीच खरी आहे हे दिसतं. ते दिसलं की कुणाला किती द्यायचं ही पुढची, आणि तशी सोपी गोष्ट.

ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये तुम्ही एक चित्र पाहिलं असेल. कुंपणाबाहेर उंच, मध्यम आणि बुटकी अशी तीन मुलं, पायाखाली खोकी, आतमध्ये मॅच चाललेली. इक्वॅलिटी म्हणजे प्रत्येकाला एकेक खोकं, इक्विटी म्हणजे बुटक्याला दोन. चित्र चांगलं आहे. पण आपल्या कोल्हापुरात ह्याच्या कितीतरी आधीचं आणि ह्याहून चांगलं चित्र आहे, आणि ते अनेकांनी लहानपणी आजोबांकडून ऐकलेलं असतं.

राजर्षी शाहू महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकऱ्या राखून ठेवल्या, तेव्हा सांगलीचे वकील गणपतराव अभ्यंकर यांनी त्यांना विचारलं, की जात बघून का देता, लायकी बघून द्या. महाराज वाद घालत बसले नाहीत, त्यांना घेऊन थेट पागेत गेले, असं सांगतात. तिथे प्रत्येक घोडा आपापल्या तोबऱ्यातून चंदी खात होता. महाराजांनी तोबरे सोडायला लावले, सगळी चंदी एकत्र जाजमावर पसरायला सांगितली आणि सगळे घोडे एकदम मोकळे केले. दणकट घोडे पुढे घुसले, लाथा झाडत चंदी फस्त करू लागले. म्हातारे, आजारी घोडे आणि शिंगरं मागे उभी राहून नुसती बघत राहिली. महाराज एवढंच म्हणाले, की आता सांगा, ह्यांचे तोबरे वेगळे बांधू नको तर काय करू?

ह्या गोष्टीत एक बारीक जागा आहे, ती सहसा निसटते. जाजमावर पसरलेली चंदी सगळ्यांना खुली होती. कुणालाही मनाई नव्हती. इक्वॅलिटी शंभर टक्के पाळली गेली होती! आणि तरी शिंगरू उपाशी होतं.

ही नुसती सांगोवांगीची गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही, कारण दरबाराचे आकडे तेच सांगतात. महाराज १८९४ मध्ये गादीवर आले तेव्हा संस्थानच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. दुसऱ्यांना नोकरी देऊ नये असा काही हुकूम नव्हता. जाजम खुलंच होतं. १८९६ मध्ये सर्व जातींच्या मुलांसाठी म्हणून एक वसतिगृह निघालं, तिथेही काही काळानं बहुतेक ब्राह्मण मुलंच राहिली. तेव्हा १९०१ पासून वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं निघत गेली. मराठा बोर्डिंग आणि जैन बोर्डिंग आधी, मग मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. आणि २६ जुलै १९०२ च्या करवीर गॅझेटमध्ये तो हुकूम आला, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरायच्या. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. दहा वर्षांनी, १९१२ मध्ये, ९५ अधिकाऱ्यांपैकी ब्राह्मण ३५ होते. ब्राह्मणांना काढून टाकलं असं नाही. शिंगरांना तोबरे मिळाले.

गंगाराम कांबळेंचं हॉटेलही ह्याच हिशोबात धरा. गंगाराम राजवाड्याच्या पागेत कामाला होते, पाण्याला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली. महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा टाकायला पैसे दिले आणि भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ हॉटेल निघालं. चहा उत्तम, जागा मोक्याची, गिऱ्हाईक शून्य. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा पिऊ लागले, आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही पाजू लागले. हॉटेल काढायची परवानगी ही इक्वॅलिटी. पण राजा कपाला ओठ लावेपर्यंत त्या परवानगीची किंमत कोऱ्या कागदाएवढीच होती. ‘समदर्शी’ शब्दाचं मला माहीत असलेलं सगळ्यांत चांगलं भाष्य हा एक कप चहा आहे.

इथवर सोपं होतं. आता अवघड भाग, आणि तो टाळला तर आजचं वाचन अर्धवट राहील.

‘ज्याला जे योग्य ते त्याला द्यावं’ हे वाक्य ऐकायला इक्विटीसारखंच वाटतं ना? पण ह्याच वाक्यावर जातिव्यवस्था शतकानुशतकं उभी राहिली. हत्तीला हत्तीचं, कुत्र्याला कुत्र्याचं, आणि मग ब्राह्मणाला ब्राह्मणाचं, श्वपाकाला श्वपाकाचं. आद्य शंकराचार्यांना ही अडचण दिसली होती. ह्याच श्लोकानंतर त्यांच्या भाष्यात ते गौतम धर्मसूत्रातलं एक वचन शंका म्हणून पुढे ठेवतात. त्याचा आशय असा, की जे सारखे आहेत त्यांचा कमी-जास्त मान करणाऱ्याच्या आणि जे सारखे नाहीत त्यांचा सारखाच मान करणाऱ्याच्या घरी जेवू नये. मग समदर्शी माणसाच्या घरचं अन्न दूषित म्हणायचं का? त्यावर ते साधारण असं सांगतात, की ते सूत्र पूजा-मानाच्या व्यवहाराचं आहे, त्यात कोण विद्वान, कोण काय हा भेद मोजला जातो. आणि ज्ञानी माणूस जे पाहतो ते निर्दोष ब्रह्म आहे, त्याला तो दोष लागत नाही. म्हणजे पाहणं एका मजल्यावर, व्यवहार दुसऱ्या. तत्त्वज्ञान म्हणून ते बसतं. पण खालच्या मजल्यावर जे चाललं होतं ते चालूच राहिलं, हेही खरं.

आणि ते कुठवर चाललं? १८९९ सालच्या कार्तिकात, पहाटे, पंचगंगेच्या घाटावर खुद्द शाहू महाराज स्नान करत होते. पुरोहित मंत्र म्हणत होता. बरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांच्या लक्षात आलं की हे वेदोक्त मंत्र नव्हेत, पुराणोक्त आहेत. विचारल्यावर उत्तर मिळालं की शूद्रांना पुराणोक्तच चालतात. समोर छत्रपती! पुढे राजोपाध्यांनीही वेदोक्ताला नकार दिला, तेव्हा महाराजांनी त्यांचं वतन जप्त केलं. ह्या वेदोक्त प्रकरणावर महाराष्ट्रभर रान पेटलं.

आता नीट बघा, तो पुरोहित काय म्हणत होता? त्याच्या दृष्टीनं तो अन्याय करतच नव्हता. ज्याचा जो अधिकार त्याला ते, असंच त्याचं म्हणणं. मंत्र दोघांनाही मिळत होते, फक्त वेगवेगळे. महाराजही वेगवेगळं देत होते, मराठ्यांना वेगळं बोर्डिंग, अस्पृश्यांना वेगळं. वरवर दोघं एकच करत होते. मग फरक काय?

त्यासाठी देवळातल्या महाप्रसादाची पंगत आठवा. सगळे एका ओळीत मांडी घालून बसलेत, ही झाली इक्वॅलिटी. वाढपी चांगला असेल तर तो पान बघत पुढे सरकतो. पोराच्या पानात भात थोडा, आजींना मऊ आणि तिखट नसलेलं, लांबून पायी आलेल्या माणसाला न मागता आणखी एक वाढ. ही इक्विटी. आणि तोच वाढपी यजमानाच्या पाहुण्यांना तुपाची धार सोडून पुढच्यांना नुसतं वरण वाढत गेला, तर त्याला आपल्याकडे एक नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. वाढण्यातला फरक दोन्हीकडे आहे. पण एक वाढपी पान आणि भूक बघतो, दुसरा माणसाची पत बघतो. पहिल्याच्या वाढण्यानं सगळी पंगत एकदम तृप्त होऊन उठते. दुसऱ्यामुळे पंगतीत बसूनही माणूस पंगतीबाहेर राहतो.

घाटावरचे पुराणोक्त मंत्र हा पंक्तिप्रपंच होता. तो फरक कायमचा राहावा म्हणूनच केलेला होता. यजमान कितीही शिकला, अगदी छत्रपती झाला, तरी त्याला वेदोक्त मिळणार नव्हतं. तोबरा तसा नसतो. शिंगरू वाढलं, अंगात बळ आलं की ते सगळ्यांबरोबर पळतं, म्हणून तर त्याला वेगळं खाऊ घालायचं. महाराजांनी हे ध्यानात ठेवलं होतं असं मला वाटतं, कारण १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करायचा हुकूम काढल्यावर, १९१९ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि ती मुलं सर्वांच्या शाळेत बसवली. ज्या राजानं वेगळी बोर्डिंगं काढली, त्यानंच वेगळ्या शाळा मोडल्या. अनेकांना ह्यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. बोर्डिंग हे गावाकडून आलेल्या मुलाला शहरात टिकून राहायला दिलेलं जास्तीचं बळ होतं. वेगळी शाळा हे त्याला वेगळं बसवणं होतं.

तेव्हा जूनमधल्या त्या प्रश्नाला माझं उत्तर असं. कमी-जास्त देणं गीतेच्या विरुद्ध नाही. श्लोकातला हत्तीच ते सांगतो. पण कमी-जास्त देणारा प्रत्येक हात समदर्शी असतो असंही नाही. ही सवलत समोरच्याला पंगतीत आणतेय की पंगतीबाहेर ठेवतेय, हे दर वेळी, दर ठिकाणी नव्यानं बघावं लागतं. आजच्या एखाद्या नियमाबद्दल ह्यावर तुमचं-माझं मत वेगळं पडू शकतं, आणि पडलं तर बसून बोलू. फक्त ‘गीता सगळ्यांना सारखं द्या म्हणते’ हे त्या बोलण्यात पुरावा म्हणून आणू नका, कारण गीता तसं म्हणत नाही. आणि सीट मिळालेल्या मुलीला टोमणा मारणाऱ्यानं ह्या श्लोकाचं नावही घेऊ नये.

जाता जाता, २६ जून हा महाराजांचा जन्मदिवस राज्यात साजरा होतो तो ‘सामाजिक न्याय दिन’ म्हणून. नाव ठरवताना ‘समानता’ हा शब्द न घेता ‘न्याय’ घेतला, हे मला फार आवडतं.

उद्याचं वाचन अध्याय ६, श्लोक ३२. तिथेही ‘सम’ आहे, पण मोजायला हातात दुसरी पट्टी दिली आहे, आपलं स्वतःचं सुख-दुःख. ‘आत्मौपम्य’ ह्या शब्दाची फोड करून ठेवा, आणि तुमच्या अ‍ॅपमधल्या भाषांतरात त्यासाठी कुठला इंग्रजी शब्द घातलाय तेही बघून या.